आखूड केलेल्या खाटेचं म्हणणं

मित्रांनो, मी खाट आहे. लोखंडी, जुनी, इस्पितळातली. सरकारी कागदात मला आखूड केलेलं आहे. तुम्ही विचाराल, आखूड म्हणजे काय, पाय कापले की काय? सांगते. पण एक गोष्ट आधीच बजावून ठेवते. माझी कीव करायला कुणी पुढे येऊ नका. मला कीव नको होती, मला कुणीतरी मोजायला हवं होतं. आणि ते मी करून घेतलं. कसं, तेवढंच ऐका.

माझा जन्म उत्तरेकडच्या सपाट मुलखातल्या एका कारखान्यात झाला. एका बाईने माझ्या नळ्या वाकवल्या, दुसरीने तारांचं जाळं ताणून बसवलं, तिसरीने पांढरा रंग दिला. शेवटी एक जाडजूड मुकादम यायचा आणि प्रत्येक जाळ्यावर उडी मारून बघायचा. जे कुरकुरलं ते परत. माझ्यावर त्याने दोनदा उडी मारली आणि मी हूं की चूं केलं नाही. मग आगगाडीने, आणि पुढे मालमोटारीतून घाट चढून, मी साझ-बुलाकच्या इस्पितळात आले. अख्ख्या तालुक्यात हे एकच इस्पितळ. इथे माझ्या उशाकडच्या दांड्यावर एक मिन्याचा लेप दिलेली पाटी दोन स्क्रूंनी बसवली. तिच्यावर निळा आकडा होता. त्या दिवशी मला वाटलं, चला, आता आपणही कुणीतरी झालो.

पुढची बरीच वर्षं झकास गेली. माझ्यावर बाळंतिणी निजल्या. उलाकच्या खेळात बकऱ्याच्या धडासाठी झोंबाझोंबी करताना घोड्यावरून पडलेले दांडगे गडी निजले, आणि बायकांपेक्षा जास्त विव्हळले. एकदा जिल्ह्याहून तपासणीला बाई आल्या. त्यांनी माझ्या चादरीवरून बोट फिरवलं आणि म्हणाल्या, "खाटा असाव्यात तर अशा." ते वाक्य मी कितीतरी दिवस उराशी धरून होते. कौतुक कुणाला आवडत नाही?

मग जुनं राज्य गेलं, नवं आलं, आणि इस्पितळाची रया गेली. पेशंट घरून सरपण आणायचे. दिव्याचा बल्बसुद्धा घरून आणायचे आणि बरं झालं की काढून न्यायचे. तेही चालवून घेतलं. पण एक दिवस राजधानीहून हुकूम आला आणि त्या हुकुमाने माझं वाटोळं केलं.

आमच्याकडे कुणाची नोकरी गेली, एखादं पद रद्द झालं, की त्याला 'आखूड केलं' म्हणतात. 'काढून टाकलं' म्हणायला जीभ धजत नाही ना. तर हुकूम असा होता की साझ-बुलाकच्या निम्म्याहून जास्त खाटा आखूड कराव्यात. माम्बेत-आका, म्हणजे माम्बेतदादा, हा इस्पितळाचा सुतार, गवंडी, शिपाई, जे म्हणाल ते. त्याने हुकूम वाचला, घरी गेला आणि करवत घेऊन आला. माझ्या शेजारणीचे चारही पाय त्याने वीतभर कापले, तेव्हा कुठे सूयुम्कान डॉक्टरीणबाई धावत आल्या.

"आका, हे काय चाललंय?"

"आखूड करतोय. ही झाली, आता ती पुढची." पुढची मीच होते.

"अहो, कागदावर आखूड करायच्या! खाटा कमी करा असं म्हणतायत ते."

माम्बेत-आका करवतीकडे बघत राहिला. "मग तसं लिहायला काय झालं होतं त्यांना? आणि कागदावर कमी केल्या, तर या खऱ्या खाटांचं मी काय करू?"

"पाट्या काढा आणि मागच्या गोठ्यात ठेवा. मोडीत देऊ नका. मला या लोकांचा भरवसा नाही."

माझी पाटी निघाली. दांड्यावर स्क्रूंची दोन भोकं तेवढी राहिली. गोठ्यात माझ्या जाळ्यावर कुणी कुरुत वाळत घातलं. त्या आंबट दह्याच्या गोळ्यांचा वास माझ्या तारांतून अजून जात नाही. एका कोंबडीने तर माझ्याखाली अंडी घालायचा परिपाठच ठेवला. मी मनात म्हणत होते की पाटी काढली म्हणून जाळं सैल पडत नाही. माणसाचं वजन मी तेव्हाही पेलू शकत होते. विचारलंच नाही कुणी.

विचारलं ते साथीच्या उन्हाळ्यात. जर्दाळू पिकायच्या सुमाराला खोकला आणि ताप खालच्या गावांतून वर चढत आला. आधी म्हातारे पडले, मग धट्टीकट्टी माणसं. पाटीवाल्या खाटा बघता बघता भरल्या. मग डॉक्टरीणबाईंनी गोठ्याचं कुलूप काढायला लावलं. माम्बेत-आकाने आम्हा सगळ्या आखूड बहिणींना गरम पाण्याने घासलं आणि रांगेने पुढच्या बंदिस्त व्हरांड्यात लावलं. पाय कापलेली ती माझी शेजारीणसुद्धा आली. तिच्यावर एका ठेंगण्या मास्तरांना झोपवलं आणि त्यांना ती फार सोयीची झाली. मी बरोबर मुख्य दारापाशी होते.

डॉक्टरीणबाईंच्या खोलीतही पेशंट ठेवले होते, म्हणून त्यांचं टेबल बाहेर माझ्या शेजारी आलं. हातात मोजे, तोंडाला दोन-दोन फडकी, म्हणून त्या फोन टेबलावर ठेवून मोठ्या आवाजात बोलायच्या. त्यामुळे सगळा कारभार माझ्या कानावर पडला. मी काही भिंतीला कान लावायला गेले नव्हते.

रोज दुपारी जिल्ह्याहून कुबानीचचा फोन यायचा. तो आरोग्य खात्यात आकडे बघायचा. हुशार, कष्टाळू, आणि माणूस म्हणून वाईट मुळीच नाही. तो एकच विचारायचा, आज नवे दाखल किती? मग तालुक्यात हजार माणसांमागे किती दाखल झाले याचा हिशेब करायचा आणि नकाशात रंग भरायचा. प्रमाण चढलं की तालुका लाल, उतरलं की फिका. ऑक्सिजनची यंत्रं, डॉक्टर, औषधं, सगळं त्या रंगाकडे बघून वाटलं जायचं.

आता तुम्हीच विचार करा, मित्रांनो. पाटीवाल्या खाटा सगळ्या भरलेल्या. मग नवा पेशंट दाखल कधी होणार? आधीचा बरा होऊन उठला तर. नाहीतर तो मेला तर. म्हणजे बाहेर गावात कितीही माणसं तापाने फणफणू देत, आमचा रोजचा आकडा तेवढाच. आणि आम्हा आखूड खाटांवर जे निजले होते ते दाखलच नव्हते. खाटेचा क्रमांक घातल्याशिवाय संगणक नाव घेत नाही आणि आम्हाला क्रमांकच नाही. ओरोझ नावाचा बसवाला माझ्यावर गेला. शेवटी शेवटी तो माझा दांडा धरून बसला होता, निजवतच नव्हतं त्याला. त्याच्या दाखल्यावर 'घरी मृत्यू' असं लिहावं लागलं. घरी कसला? माझ्यावर गेला तो. मी कुठेही उभी राहून सांगेन.

आणि तिकडून कुबानीचचा आवाज कसा यायचा, तर आनंदाने फुललेला.

"एजे, अभिनंदन. तुमची रेघ आडवी झाली."

एजे म्हणजे ताई. सूयुम्कान डॉक्टरीणबाईंना सगळा जिल्हा एजे म्हणतो, आणि सगळा जिल्हा घाबरतोही.

"रेघ नाही आडवी झाली कुबानीच, माणसं आडवी झालीत. जागा संपली म्हणून आकडा थांबलाय."

"जागा संपली असती तर भरती शंभर टक्क्यांच्या वर दिसली असती. तुमची बरोबर शंभर आहे. म्हणजे जेवढ्या खाटा तेवढे पेशंट. सगळं जुळतंय."

"शंभराच्या वर तुझा संगणक जाऊ देत नाही रे बाबा."

"एजे, मी आकड्यांवर चालतो. नाहीतर प्रत्येक तालुका म्हणेल, आमच्याकडेच जास्त."

"मग एकदा पायांवर चाल. वर येऊन बघ."

"येणारच आहे," तो म्हणाला. आवाज जरा पडला. "केङ-जारमध्ये रेघ उभी चढतेय. तुमच्याकडची यंत्रं तिकडे न्यायचा हुकूम निघालाय."

केङ-जार म्हणजे आमच्या खालचा तालुका. तिथे शाळेचं इस्पितळ केलं होतं आणि त्या खाटांना रीतसर मंजुरी मिळाली होती. खाटा वाढल्या तसे दाखल वाढले, दाखल वाढले तशी रेघ चढली. त्यांच्याकडे आजार नव्हता असं मी म्हणत नाही, पुष्कळ होता. पण त्या दाखल लोकांत आमचेही होते. इथे जागा नाही म्हटल्यावर ज्याला गाडी परवडली तो खाली गेला, आणि जो जिथे निजला तिथल्या खात्यात लागला. आमचा आजार त्यांच्या नकाशावर लाल दिसत होता आणि आम्ही आपले छान फिके.

आता माझ्यावर कोण होतं ते सांगते, कारण खरी गोष्ट तिची आहे. तिचं नाव झिपार. लोकर कांडून नमदे, म्हणजे जाड गालिचे, करणारी बाई. हात असे की माझा दांडा धरला तर मलाच दुखावं. तिला खरं तर आत, खिडकीपाशी, पाटीवाली खाट मिळाली होती. पण ती दाखल झाल्यावर दोन दिवसांनी तिची विहीण उम्सुनाय तापाने आली. झिपारची मुलगी चिनारा ही उम्सुनायची सून. म्हणजे उम्सुनाय पडली वरमाय. आणि आमच्याकडे दारापासून सगळ्यात आतली जागा ही मानाची, तिला तोर म्हणतात. घरी आलेल्या विहिणीला तोरवर न बसवता आपण तिथे बसायचं आणि तिला दारात ठेवायचं, हे जिवंतपणी होणार नाही. झिपार धापा टाकत उठली, चादर गोळा केली आणि भिंतीला धरत धरत येऊन माझ्यावर बसली.

डॉक्टरीणबाई अशा काही ओरडल्या की व्हरांडा हादरला. "हे इस्पितळ आहे, लग्नघर नाही!"

"असू दे एजे," झिपार म्हणाली. "उद्या माझ्या लेकीला ऐकवतील, तुझ्या आईने आम्हाला दारात निजवलं."

आतून उम्सुनायचा आवाज आला. "मी ऐकवणारी आहे होय? परत या म्हणते मी विहीणबाई."

"दिलेली तोर परत घेत नाहीत, विहीणबाई. झोपा आता."

कागदावर काय झालं, तर झिपार घरी गेली आणि त्या खाटेवर उम्सुनाय दाखल झाली. दुसरं काही लिहायची सोयच नव्हती. आणि आजाराला कुठली वरमाय कळते? उम्सुनायचा ताप उतरला. झिपारचा श्वास मात्र दिवसेंदिवस अपुरा पडायला लागला. हवेतून ऑक्सिजन गाळणारी चार यंत्रं आमच्याकडे होती, त्यातलं एक डॉक्टरीणबाईंनी माझ्या पायथ्याशी आणून ठेवलं. ते घुरघुर करायचं, नळी झिपारच्या नाकात, आणि ती होती म्हणून बाई बोलू शकत होती. नळी जरा सरकली की तिचे ओठ जांभळे पडायचे. ते यंत्र गेलं असतं तर झिपार गेली असती. याला काही डॉक्टर असायला लागत नाही, माझ्या तारांनाही कळत होतं.

दोघी विहिणी दारा-खिडकीतून एकमेकींना टोमणे मारायच्या आणि सगळे पेशंट ऐकत पडायचे.

"विहीणबाई, आहात का?" उम्सुनाय आतून विचारायची.

"आहे. तुमची सून मला लापशी भरवते आहे. तुमच्याकडे शिकली वाटतं, मीठ नाही हिच्यात."

"मीठ तिच्या माहेरीच संपलं होतं, मला काय विचारता?"

चिनारा मधे उभी राहून दोघींकडे आळीपाळीने बघायची. नवरा कामासाठी रशियात, इकडे आई आणि सासू दोघी अंथरुणावर. ती हसायची आणि मग भिंतीकडे तोंड करून डोळे पुसायची.

बोलल्याप्रमाणे कुबानीच आला. गाडी अंगणात लावली, ड्रायव्हरला घेऊन आत शिरला. व्हरांड्यात माणसंच माणसं बघून क्षणभर थबकला, पण त्याला वाटलं हे सगळे भेटायला आलेले. खरंच तसं वाटलं त्याला. आमच्याकडे एकाच्या आजारपणाला दहा नातेवाईक येऊन पसरतात, हे त्याला ठाऊक होतं. तो सरळ आतल्या खोलीत गेला, कारण नोंदलेले पेशंट आत होते. आणि खिडकीपाशी त्याला काय दिसलं? उम्सुनाय मांडी घालून बसली आहे, पावावर साय लावते आहे आणि चहा पिते आहे.

"ही बाई दाखल आहे?" त्याने विचारलं.

"आहे. उद्या सोडणार," डॉक्टरीणबाई म्हणाल्या. "आज रात्र ताप बघायचा आहे."

"एजे, ही माझ्यापेक्षा ठणठणीत आहे. अशा बायका खाटा अडवून बसल्या आहेत आणि केङ-जारमध्ये लोक जमिनीवर आहेत. मला तुमचा राग नाही. पण आता तुम्हीच सांगा, मी आकड्यांवर विश्वास ठेवू की तुमच्यावर?"

"बाहेर चल, व्हरांड्यात. ती बघ, झिपार."

कुबानीच माझ्यापाशी आला. झिपारकडे बघितलं, यंत्राकडे बघितलं. मग हातातल्या यादीत बघितलं. "यांचं नाव सुटीच्या यादीत आहे. या घरी गेल्या आहेत."

"मग तुझ्यासमोर निजलंय ते कोण?"

"एजे, जी नोंदीत नाही तिच्या नावावर मी यंत्र कसं दाखवू? माझ्या वरचे मला विचारतील." त्याच्या कपाळावर घाम होता. मानेनेच त्याने ड्रायव्हरला खूण केली. ड्रायव्हरने आतलं एक यंत्र उचललं आणि छातीशी धरून बाहेर निघाला. त्याच्या पाठोपाठ माझ्या पायथ्याशी असलेल्या यंत्राची पाळी होती. झिपारने नळीवर हात ठेवला. तिच्या बोटांचा जोर मला जाळ्यापर्यंत जाणवला.

आणि तेवढ्यात उम्सुनाय आली. अंगावर रात्रीचा झगा, डोक्याचा रुमाल सुटलेला, हातात अजून तो पाव.

"काय म्हणालास रे तू? माझ्या चहावरून माझ्या विहिणीचा श्वास काढून घेणार?"

"अपा, आईसारख्या तुम्ही, आत जा, तुमची तब्येत…"

"माझी तब्येत राहू दे. ती खाट तिची आहे. मी तिच्या मानावर निजले. तुला मोजता येत नसेल तर मला सांग, मी मोजून देते." मग ती वळली. "माम्बेत, बघतोस काय? धर तिकडून."

माम्बेत-आकाने डॉक्टरीणबाईंकडे बघितलं. त्यांनी फक्त यंत्राची वायर अडकू नये म्हणून हातात उचलून धरली. मग माम्बेत-आकाने माझा पायथा धरला, उम्सुनायने आणि चिनाराने उसं धरलं, आणि झिपारसकट मला फिरवून मुख्य दारात आडवी लावली. या भिंतीपासून त्या भिंतीपर्यंत मी बरोबर बसले. उंबऱ्याच्या खाचेत माझा एक पाय गेला आणि तो मी असा रोवला की हलवून दाखवा. इतक्या वर्षांनी मला कुणीतरी कामाला लावलं होतं.

ड्रायव्हर यंत्र घेऊन माझ्यासमोर येऊन उभा राहिला. पुढे जाता येईना.

"एजे, दार मोकळं करा," कुबानीच म्हणाला.

"कशातून मोकळं करू?" डॉक्टरीणबाईंनी शांतपणे विचारलं. "तुझ्या यादीत साझ-बुलाकच्या व्हरांड्यात किती खाटा आहेत?"

त्याने यादीचं पान उलटलं.

"सांग ना. किती?"

"एकही नाही."

"आणि या दारात पेशंट किती?"

"एजे…"

"एकही नाही. ती घरी गेली आहे. मग अडतंय कुठे? खाट नाही, पेशंट नाही, दार उघडं आहे. जा की आरपार."

ते ठेंगणे मास्तर कोपरावर उठून बघत होते. ड्रायव्हर म्हणाला, "साहेब, हे जड आहे, ठेवू का खाली?" पण साहेबाचं लक्षच नव्हतं.

कुबानीचने माझ्या दांड्यावर हात ठेवला. त्याची बोटं त्या दोन भोकांवर आली आणि तिथेच राहिली. मग झिपारनेच तोंड उघडलं. एकेक शब्दामागे दम खात ती म्हणाली, "उभा… का रे बाळा? पाहुणा… ना तू? बस."

आणि पायाशी सरकून तिने माझ्यावर त्याला जागा करून दिली. खरंच करून दिली हो. जो तिचं यंत्र न्यायला आला होता त्याला. तो बसला. माझं जाळं खाली गेलं, आणि माझ्यावर दोघं आहेत हे निदान त्याला तरी कळलं असेल. त्याने तोंडावर दोन्ही हात घेतले. मला वाटतं तो रडला, पण मी त्याच्याशी तेव्हा इतकी भांडायच्या पवित्र्यात होते की मला त्याची दया आली नाही.

मग तो उठला आणि पहिल्या खाटेपासून सुरुवात केली. नाव काय? ताप किती दिवस? प्रत्येकापाशी थांबला. शेवटी पाय कापलेल्या खाटेपाशी गेला, मास्तरांचं नाव विचारलं, आणि मग तिथूनच जिल्ह्याला फोन लावला.

"साझ-बुलाकचा आकडा चुकला आहे," तो म्हणाला. "नाही, संगणकाचा दोष नाही. मीच चुकीचं वाचलं. रेघ आडवी झाली कारण खाटा संपल्या. मी नवा आकडा देतो, हाताने लिहून घ्या."

यंत्रं राहिली. झिपारची नळी नाकातून निघाली नाही. केङ-जारला यंत्रं पुढे दुसरीकडून गेली असं ऐकलं. मधल्या वेळात तिथे कुणाचं काय झालं ते मला माहीत नाही. आमच्याकडे राहिलं ते कुणाकडे तरी गेलं नाही, हे मला कळतं. पण म्हणून मी दारातून बाजूला व्हायला हवं होतं असं जर कुणी म्हणत असेल, तर मी ते ऐकून घेणार नाही. वाटणी करणाऱ्याने आधी दोन्हीकडची माणसं धड मोजावीत, मग मला शिकवावं.

तुम्हाला वाटेल, इथे गोष्ट गोड झाली. कसली गोड. दुसऱ्या दिवशी जिल्ह्याचा नकाशा आला आणि कालपर्यंत फिका असलेला आमचा तालुका एका दिवसात सगळ्यात लाल झाला. रोग तेवढाच होता. माणसं तीच होती. फक्त मोजली होती. पण नकाशा बघणाऱ्याला ते कसं दिसणार? शहरात बोंब झाली की साझ-बुलाकमध्ये साथ उसळली. आमच्या बायका बाजारात साय विकायला गेल्या तर लोक म्हणाले, तुम्ही साझ-बुलाकच्या ना, लांब राहा. टॅक्सीवाले आमचे पेशंट घेईनात. डॉक्टरीणबाईंना दोन ठपके आले. पहिल्यात लिहिलं होतं की त्यांनी पेशंट लपवले. दुसऱ्यात लिहिलं होतं की त्यांनी आकडा फुगवला. दोन्ही त्यांनी मोठ्याने वाचून दाखवले आणि म्हणाल्या, "आधी यांनी आपसात ठरवावं, मग मी उत्तर देते." कुबानीचला त्या कामावरून काढून औषधांच्या गोदामावर बसवलं. म्हणजे आमच्या भाषेत आखूड केलं. जाण्याआधी त्याने एक पत्र पाठवून आम्हा सगळ्यांना क्रमांक मंजूर करून घेतले. माझा क्रमांक माम्बेत-आकाने माझ्यावर लाल रंगाने रंगवला, जरा तिरका आला आहे.

झिपार महिन्याभराने आपल्या पायांनी घरी गेली. उम्सुनाय तिला न्यायला आली होती. गाडीच्या दारात दोघी अडून राहिल्या, आधी तुम्ही बसा, नाही तुम्ही, मान तुमचा, नाही तुमचा. चिनारा शेवटी दोघींच्या अंगावर ओरडली आणि आईला आत ढकललं. मी दारातून सगळं बघत होते. मला इतका आनंद झाला की सांगता येत नाही.

म्हणून मित्रांनो, माझी एक मागणी आहे. विनंती नाही, मागणीच. उद्या तुम्ही मोठे व्हाल, तुमच्यापुढे असे रंगीत नकाशे येतील. एखादा भाग फिका दिसला तर लगेच 'वा' म्हणू नका. तिथे दवाखाना आहे का, खाट आहे का, तिथवर पोचायला गाडी आहे का, आणि आलेल्याला कुणी नोंदलं का, एवढं विचारा. आणि एखादा भाग एकाएकी लाल झाला तर तिथल्या लोकांना नावं ठेवायच्या आधी आणखी एक गोष्ट विचारा. तिथे आजार वाढला, की कुणीतरी मोजायला लागलं? आम्हाला अजूनही त्या साथीत सगळ्यात वाईट तालुका म्हणतात. म्हणू देत. आम्ही लाल होतो, कारण आमच्याकडे जे आजारी पडले त्यांना आम्ही आजारी म्हटलं.